डुकरांसाठी लावलेला रेडिओ

दादा, सगळे गेले. तुझी तेरवी गावालाच झाली, पण भेटायला येणारे नंतर इथे, नागपूरला इतवारीतल्या माझ्या घरीही येत राहिले. जिना चढून धापा टाकत बसायचे आणि पाणी पिऊन झालं की विचारायचे, "कसं झालं हो?" मी सांगायची. तेच ते, त्याच क्रमानं. आता मला सांगायचाही थकवा आला आहे. चहाची पातेली मोरीत तशीच पडली आहेत. उठवत नाही.

सगळ्यांना सांगताना एक गोष्ट मी गाळत आले. "बागेत होता, हार्ट अटॅक आला," एवढंच म्हणायची. रेडिओचं बोलले नाही. रेडिओचं सांगायला गेलं की शेजारच्या शेतातल्या गजाननचं नाव येणार, आणि मग ऐकणारा "अरे अरे" करत गजाननला दोष देणार. तो दोष द्यायचं काम मी एकटीनं पुरेसं केलं होतं. म्हणून ते तुलाच सांगते. नाहीतरी हे समजून घेणारा तूच होतास. मधे मधे बोलून माझं वाक्य तोडणाराही तूच.

तो रेडिओ मुळात लतावहिनीचा. भिवापूरहून लग्न होऊन आली तेव्हा तिच्या सामानात होता, चामडी कव्हरातला, खांद्याला लावायच्या पट्ट्यासकट. मिरचीच्या गावची मुलगी, बोलणंही तसंच. रेडिओत चार जाडे सेल लागायचे. सेल उतरत आले की आवाज आधी बसायचा, मग गाणारी बाई सर्दी झाल्यासारखी गायची, आणि तू ते सेल काढून टिनाच्या छपरावर उन्हात मांडून ठेवायचास. वहिनी खालून ओरडायची, "अवो, ते सेल हायेत, पापड नाहीत!" पण संध्याकाळी तेच सेल घातले की गाणं अर्धा तास चालायचं. मग तू तिच्याकडे असा बघायचास की जणू विजेचा शोध तूच लावलास. मी तेव्हा कॉलेजात विज्ञान शिकत होते. तुला सांगितलं, उन्हानं सेलमधलं रसायन जरा ऊब धरतं, उरलंसुरलं काम करतं, नवीन काही तयार होत नाही. तू म्हणालास, "उरलंसुरलं तं उरलंसुरलं. ते टाकून काहून द्यायचं?"

नवे सेल घालायलाही तू मला बोलवायचास, कारण तुझा एक तरी सेल उलटा पडायचा. स्प्रिंगकडे सपाट बाजू, हे तुला पाठ होतं. पण अंधारात, घाईत, बातम्यांच्या आधी. मी समजावून सांगायची, चारही सेल एकामागे एक उभे आहेत, प्रत्येकाचा दीड व्होल्ट, मिळून सहा. एक उलटा घातलास तर तो स्वतःचा दीड देत नाहीच, वर दुसऱ्याचा दीड खातो. सहाचे तीन राहतात. तू हसत म्हणायचास, "आपल्या भाऊबंदकीसारखंच हाये म्हण."

पुढे मी शाळेत विज्ञान शिकवू लागले. तुला तो दिवस आठवत असेल. आठवीला विद्युतघट शिकवायचा होता, आणि मी तुला फोनवर सहज म्हटलं की लिंबावर प्रयोग करते. तू दुसऱ्या दिवशी यष्टीनं पोतं घेऊन हजर. गळालेली संत्री. म्हणालास, "लिंबू काहून? आपल्याकडं काय संत्र्याचा तोटा हाये?" वर्गात मागच्या बाकावर पोरांमध्ये गुडघे दुमडून बसलास. आम्ही एकेका संत्र्यात जस्ताचा खिळा आणि तांब्याची पट्टी खोचली, तारांनी ओळीनं जोडत गेलो, आणि शेवटी तो बारीक लाल दिवा लागला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात तू.

मग तू हात वर केलास. विद्यार्थ्यासारखा. "मॅडम, एवढ्या संत्र्यावर रेडिओ चालन का?"

पोरं हसली. मी फळ्यावर लिहून दाखवलं. संत्री ओळीनं वाढवत नेली तर व्होल्ट जमतील, पण रेडिओला नुसता दाब पुरत नाही, प्रवाहही हवा, आणि संत्र्यातून तो अगदी थेंबथेंब येतो. दिव्यापुरता. आवाज काढायला लागतो तेवढा नाही. तू सगळं ऐकून घेतलंस आणि वर्गासमोर म्हणालास, "म्हणजे एवढी मोठी बाग, अन एक गाणं नाही निघत त्यातून." नंतर कित्येक वर्षं त्या वर्गातली मुलं रस्त्यात भेटली की तुझी चौकशी करायची. माझी नाही.

माझा आणि तुझा खरा वाद सुरू झाला तो अ‍ॅडॉप्टरवरून. तू सतत सेल आणतोस म्हणून मी सीताबर्डीच्या बाजारातून एक अ‍ॅडॉप्टर घेऊन आले. भिंतीत खुपसला, रेडिओला जोडला, आणि निवेदिकेच्या मागे घूंऽऽऽ असा आवाज लागला. तू कान लावून बसलास. म्हणालास, "हे काय आणलं वं? बाईच्या मागं भुंगा बसवला."

मी सांगितलं की भिंतीतली वीज पुढे-मागे, पुढे-मागे धावत असते, एका सेकंदात पन्नास वेळा. रेडिओला ती तशी चालत नाही, त्याला एकाच दिशेनं, एकसारखी लागते. सेल मुळातच तशी देतो. अ‍ॅडॉप्टरला ती डोलणारी वीज सरळ करावी लागते, आणि स्वस्तातला असेल तर पुरती सरळ होत नाही. राहिलेली डोलणी कानाला भुंग्यासारखी ऐकू येते. चांगला अ‍ॅडॉप्टर आणते, मग येणार नाही.

तू म्हणालास, "म्हणजे माझे सेल सीधे अन तुही लाईन डोलणारी. मंग झगडा कायचा?"

मी चांगला अ‍ॅडॉप्टरही आणून दिला. तो तू खोक्यासकट फळीवर ठेवलास. मला फार राग आला होता. आता वाटतं, तो वाद आपल्याला सोयीचा होता. दुसरा एक वाद होता, मी म्हणायची, "नागपूरला ये, मागची खोली रिकामी आहे," आणि तू म्हणायचास, "झाडं कोणाले देऊ?" त्या वादात दोघांच्याही डोळ्यांत पाणी यायचं. म्हणून आपण लगेच सेलवर यायचो. सेलवर कितीही भांडता यायचं.

वहिनी आजारी पडली तेव्हा तू नागपूरला आलास, पण माझ्या मागच्या खोलीत नाही. दवाखान्यातल्या बाकावर. महिनेच्या महिने. मी शाळा सुटली की डबा घेऊन यायची आणि तुम्ही दोघं एकाच रेडिओला कान लावून असायचात. भिंतीतले प्लग तिच्या यंत्रांना लागलेले, त्यामुळे तुझे सेलच कामी आले, आणि तू मला ते ऐकवायलाही विसरला नाहीस. आवाज इतका बारीक ठेवायचास की शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं एकदा हाक मारून सांगितलं, "थोडा मोठा करा ना जी, आमाले बी ऐकू द्या." मग सकाळची गाणी सगळ्या खोलीला मिळू लागली. वहिनी तेव्हा फारसं बोलत नव्हती. पण एखादं गाणं तिच्या आवडीचं निघालं की तिचं एक बोट चादरीवर हलायचं, आणि तू त्या बोटाकडेच बघत असायचास.

ती गेली त्या सकाळी तू पहिलं काम काय केलंस, तर रेडिओचं मागचं झाकण उघडून सेल काढलेस. ते दोन्ही मुठींत धरून बसलास. गावाला नेताना गाडीतही ते तुझ्या मुठींत होते. मी मागितले, तू दिले नाहीस. नंतर रेडिओ फळीवर गेला, न वापरलेल्या अ‍ॅडॉप्टरशेजारी. मी गावी आले की नवे सेल घेऊन यायची. तू म्हणायचास, "राहू दे वं, बेबी." तेवढंच. मी दरवेळी ते परत घेऊन जायची आणि माझ्या टॉर्चमध्ये घालायची.

मग डुकरं आली. बागेच्या कडेला तू हरभरा लावला होतास आणि रानडुकरांनी एका फेरीत पट्टाच्या पट्टा उकरून टाकला. कोणी फटाके लावत होतं, कोणी कुंपणाला विजेच्या झटक्याची तार ओढत होतं. तू फळीवरून रेडिओ काढलास. माणसाचा आवाज असला की डुक्कर बांध ओलांडत नाही, असं तुला कोणीतरी सांगितलं होतं. दिवे लागायच्या वेळी तू रेडिओ संत्र्याच्या फांदीला टांगायचास, आवाज पूर्ण मोठा करायचास, आणि बाजूच्या झोपडीत आडवा व्हायचास. केंद्र बंद झालं तरी नुसती खरखर चालू. डुकरांना तीही पुरायची. सकाळी रेडिओ बंद करून तू घरी जायचास.

मी फोनवर विचारलं, "ऐकतोस की नाही मग?"

"मी कायले ऐकू? डुकरांसाठी लावतो."

आणि आठ दिवसांनी तुझाच फोन. रागावलेला. रेडिओवर कोणीतरी संत्र्याच्या फवारणीबद्दल बोलला आणि सगळं उलटं सांगितलं म्हणे. "असं फवारलं तं बहार गळन पूर्ण! याले कोणं बसवलं तिथं?"

मी म्हटलं, "डुकरांनी सांगितलं का तुला?"

तू खळखळून हसलास. वहिनी गेल्यानंतर मी तुझं तसं हसणं पहिल्यांदा ऐकलं. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडले, आनंदानंच. तुला सांगितलं नव्हतं, आता सांगते.

त्या दिवशीचं आता.

गजाननचं शेत तुझ्या धुऱ्याला, बांधालाच लागून. त्यानं सकाळी रेडिओ ऐकला. उन्हं वर आली तरी चालूच. त्याला वाटलं, विहिरीवरच्या मोटारीची लाईन आली असेल, दादा पाण्याचे दांड फिरवत असतील, आज घरी जायला उशीर झाला. दुपारी जेवताना त्यानं बाजारभाव ऐकले. त्याच्या बायकोनं विचारलंही, "दादा आज जेवाले नाही गेले का?" तो म्हणाला, "हायेत नं, बागेत. रेडिओ चालू हाये." संध्याकाळी तो तुझा फवारणीचा पंप परत करायला आला, तेव्हा तू विहिरीजवळ, दांडाच्या कडेला एका कुशीवर पडलेला होतास. पाणी दिलेलं नव्हतंच. माती कोरडी होती.

मला फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. शेजाऱ्यांनी गाडी काढली. बागेशी उतरले तर निम्मं गाव गोळा झालेलं, तुला बाजेवर ठेवलेलं, आणि वर फांदीवर तो रेडिओ चालूच. कोणीतरी बाई कसलीशी जाहिरात करत होती, हसत हसत. इतक्या माणसांत एकानंही तो बंद केला नव्हता. हात लावायची कोणाची छाती झाली नसावी. मी हात वर केला, पोचेना. एकानं फांदी वाकवली. मी बटण फिरवलं. त्यानंतर जी शांतता झाली ती मला सहन झाली नाही, दादा. तोवर मी रडले नव्हते.

आणि मी गजाननकडे वळले. इतकी वर्षं शहरात राहून, शाळेत शिकवून जी बोली माझ्या तोंडून गेली होती, ती एकदम परत आली. सगळ्यांसमोर ओरडले, "दिवसभर वाजून राहिला होता, अन तुले काही वाटलं नाही?"

तो मान खाली घालून उभा होता. म्हणाला, "बेबीताई, वाजून राहिला होता म्हणूनच तं काही वाटलं नाही."

डॉक्टर म्हणाले, पहाटेच गेले असतील, आणि एका झटक्यात. त्रास झाला नसेल. त्या "असेल-नसेल"नं मला फार छळलं. तेरवीपर्यंत गजानननं मांडवापासून पाणी भरण्यापर्यंत सगळं केलं आणि मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. वाढताना त्याच्या ताटाशी आले की पुढे जायची.

परवा तो इथे आला. एकटा, यष्टीनं. पिशवीत रेडिओ होता. झाकण उघडून दाखवलं, सेल काढलेले. "पाझरतीन म्हणून काढले," म्हणाला. मी चहा ठेवला. त्यानं कपाला हात लावला नाही. बराच वेळ रेडिओच्या पट्ट्याशी चाळा करत बसला आणि मग त्याच्या मनातलं बाहेर आलं.

"ताई, सेल नवेच होते. दादांनं बाजाराच्या दिवशी घेतले. जुने असते नं, तं दुपारपर्यंत बंद पडला असता. आवाज बंद झाला असता तं मी गेलो असतो पाहाले. खरंच गेलो असतो."

दादा, मीही रोज हेच मनात फिरवत होते. अर्धवट उतरलेले सेल असते तर आवाज कधी बसला असता, कधी थांबला असता. पण ते सेल भरलेले होते आणि भरलेला सेल काय करतो ते मी आयुष्यभर पोरांना शिकवलं. एकाच दिशेनं, एकसारखं देत राहतो, संपेपर्यंत. ऐकणारा कोण आहे ते त्याला कळत नाही. चालू करणारा माणूस उरला आहे का, तेही कळत नाही.

मी म्हटलं, "गजानन, तो रेडिओ कशाला लावला होता?"

"डुकरांसाठी."

"डुकरांना काय वाटायला पाहिजे होतं?"

"कोणी तरी हाये बागेत."

"मग. ते वाटलं. त्यांनाही वाटलं आणि तुलाही वाटलं. त्यात तुझं काय चुकलं?"

त्यानं तोंडावर गमछा धरला. मोठा माणूस, दोन पोरींचा बाप, माझ्या खुर्चीत बसून ढसाढसा रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. खूप दिवसांनी माझा हात कोणाच्या पाठीवर होता. राग कुठे गेला ते मला कळलं नाही. गेला एवढं खरं. मग त्याचा गार झालेला चहा ओतून मी दुसरा केला. तो त्यानं प्यायला.

निघताना म्हणाला, हरभऱ्याला डुकरं परत यायला लागली आहेत. रेडिओ लावू का? मी नको म्हटलं. झटक्याची तार लाव म्हटलं. त्यालाही सुटल्यासारखं झालं. संध्याकाळी तुझ्या बागेतून आवाज येऊ लागला असता तर गावातल्या कोणालाच ते झेपलं नसतं. संत्र्याची तोडणी तो बघणार आहे.

एक तुला सांगायचं राहिलंच. संत्री तुटली की मी तुझ्याकडे राहायला येणार होते. कायमची. तू इकडे येत नाहीस तर नाही, मीच यावं, असं यंदा ठरवलं होतं. मुलगा बंगळुरात रमला आहे, आमचे हे जाऊन इतकी वर्षं झाली, शाळेतूनही मी निवृत्त झाले. मला इतवारीच्या या गर्दीत थांबवणारं काही उरलं नव्हतं. तोडणीच्या आधी सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, "मजुरांच्या मधात तुही लुडबूड नको." म्हणून थांबले होते. तू खोली रंगवायला काढली असतीस. भांडलो असतो. आता त्या घराचं काय करायचं ते मला सुचत नाही, आणि सुचवून घ्यायची ताकदही सध्या नाही. तू मला शिकायला ठेवलंस, फीसाठी बाबांशी भांडलास, माझं माहेर चालू ठेवलंस. हे मी कधी तोंडानं बोलले नाही. तूही बोलू दिलं नसतंस.

गजानन जिन्यापर्यंत गेला आणि परत आला. आतल्या खोलीत टीव्ही चालू होता. त्यानं विचारलं, "कोणी हाये का आत?"

"नाही रे. मी एकटीच. लावून ठेवते, घरात आवाज राहतो."

तो माझ्याकडे बघत राहिला. चप्पल घातली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन. "ताई, हायेत का?"

"अरे, फोन उचलला म्हणजे आहेच ना."

"तसं नाही. तोंडानं सांगा."

"आहे," मी म्हटलं. त्यानं फोन ठेवला.

आज सकाळी मात्र मला उठवलंच नाही. फोन वाजला, मी पडून राहिले. परत वाजला. बोलायचा कंटाळा आला होता, दादा, अगदी एका शब्दाचासुद्धा. बऱ्याच वेळानं पुन्हा वाजला तेव्हा उचलला. पलीकडे माणसांचा गलका, गाडीचा हॉर्न, आणि गजाननला धाप लागलेली.

"उचलत काहून नाही, ताई? मी स्टँडवर आलो. नागपूरची गाडी लागूनच राहिली."

मी उठून बसले. मग म्हटलं, "हाये गा, गजानन. हाये मी. तू घरी जाय."